बेकरवाले आणि एडबर्गवाले : लहानपणी तुमचा कट्टर विरोधक कोण होता?

ड्यूस_पुन्हा_ड्यूस

१९८५ साली टेनिसमधला बोरिस बेकर सतराव्या वर्षी, मानांकन नसताना विम्बल्डन जिंकला आणि आमच्या शेजारच्या सुध्याने त्याला 'घेतला'. तेव्हा हिरो असेच वाटून घ्यायचे असत. एकाने घेतला की दुसऱ्याला तो घेता येत नसे. घेतला तर 'नक्कल्या' म्हणून जन्माचा शिक्का. मी सुध्यापेक्षा दोन दिवस उशिरा जागा झालो, त्यामुळे मला उरलेल्यांतून कुणीतरी बघणं भाग होतं. लेंडल हसत नसे. मॅकेन्रो पंचांशी इतका भांडायचा की तो माझा हिरो आहे हे घरी सांगायची सोय नव्हती. डिसेंबरात स्टेफान एडबर्गने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि माझा प्रश्न सुटला.

म्हणजे बघा, एडबर्गचा खेळ आवडला म्हणून मी एडबर्गवाला झालो नाही. सुध्या बेकरवाला होता म्हणून झालो. आवड नंतर आली, आणि आली ती अशी की अजून गेलेली नाही.

भांडायला मुद्दा लगेच मिळाला. त्याच महिन्यात म्युनिकला डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांच्या संघांमधल्या स्पर्धेची, फायनल झाली, बेकरची जर्मनी विरुद्ध एडबर्गचा स्वीडन. बेकरने एडबर्गला हरवलं, पण कप ३-२ ने स्वीडनने नेला, आणि निर्णायक सामना जिंकला तो एडबर्गनेच. सुध्याच्या मते तो जिंकला होता, माझ्या मते मी. आम्ही ते प्रकरण पुढच्या जूनपर्यंत पुरवलं.

खेळायला आमच्याकडे एक लाकडी रॅकेट होती, एक प्लायवूड कापून केलेली फळी आणि आडवी बांधलेली दोरी. रॅकेट कुणाला मिळणार हे नाणं उडवून ठरे. सुध्या सर्व्हआधी गुडघे वाकवून बेकरसारखा मागे-पुढे डुलायचा, जीभ बाहेर काढायचा आणि मग दात-ओठ खाऊन हाणायचा. आत पडली तर परत येत नसे, पण आत पडायची थोडी. आणि झेप! बेकर गवतावर अंग टाकायचा, सुध्या सिमेंटवर. त्याच्या कोपरांवरची खपली त्या काळात कधी पूर्ण सुकल्याचं मला आठवत नाही. त्याची आई मला विचारायची, "तुझा तो कोण आहे, तो नाही का रे पडत?" मी अभिमानाने सांगायचो, नाही पडत काकू.

मी चेंडू डोक्याच्या मागे उंच उडवून, कमरेत मागे वाकून, फिरकीची, उसळणारी सर्व्ह करायचो आणि नेटकडे पळायचो. म्हणजे दोरीकडे. आता यातली गंमत मला फार उशिरा कळली. मी सारखा पुढे येतो म्हणून सुध्याला माझ्या डोक्यावरून चेंडू टाकायला शिकावं लागलं. आणि त्याच्या सर्व्हपुढे टिकायचं तर मला फळी नुसती धरून ठेवायला, दणका शोषून घ्यायला शिकावं लागलं. चार-पाच वर्षांत तो झाला उत्तम लॉबवाला, नाजूक हाताचा. आणि मी दणके परतवणारा. बेकरच्या भक्ताचा हात एडबर्गसारखा झाला, माझा भलताच.

१९८८, ८९ आणि ९०, सलग तीन वर्षं विम्बल्डनच्या फायनलला हेच दोघे आले. आमच्यासाठी दिवाळीच. ८८ ला पावसामुळे सामना सोमवारी संपला, एडबर्ग जिंकला. ८९ ला बेकरने पहिला सेट ६-० घेतला. त्या संध्याकाळचं मी काही लिहिणार नाही. ९० ला एडबर्गने दोन सेट घेतले, बेकरने दोन परत केले, आणि पाचव्यात बेकर ३-१ ने पुढे. सुध्या उठून उभा राहिला होता. तिथून एडबर्ग परत आला, आणि ४-४ वर ज्या फटक्यांनी बेकरची सर्व्हिस भेदली (म्हणजे त्याच्या सर्व्हवरचा गेम घेतला) त्यातला एक बॅकहँडचा लॉब होता, थेट डोक्यावरून. मी ओरडायच्या आधी सुध्या म्हणाला, "हा माझा शॉट आहे."

तुमचं सांगा. तुमचा बेकर कोण, एडबर्ग कोण, आणि सुध्या कोण?

---

अर्धवट_अंपायर

मस्त लिहिलंय. पण एडबर्गवाल्यांची एक जुनी खोड इथेही दिसतेय, एकूण हिशोब सोयीस्कर विसरायचा. दोघांतल्या सामन्यांचा आकडा २५-१०, बेकरच्या बाजूने. पंचवीस. दिवे घ्या (म्हणजे हलकं घ्या).

---

ड्यूस_पुन्हा_ड्यूस

@अर्धवट_अंपायर, आलात का! ग्रँड स्लॅममध्ये समोरासमोर किती वेळा आले आणि काय झालं, तेही लिहा की. विम्बल्डनच्या तीन फायनल, त्यातल्या दोन एडबर्गच्या. ८९ ची फ्रेंच सेमीफायनल, पाच सेट, एडबर्ग. एकूण ३-१. पंचवीसपैकी बाकीचे कुठे खेळले ते शोधायला नकाशा लागेल.

---

अर्धवट_अंपायर

डेव्हिस कप नकाशात येतो बहुतेक. ८८ ला गोथेनबर्गला, म्हणजे एडबर्गच्या देशात जाऊन हरवलं. ८९ ला स्टुटगार्टला सरळ तीन सेटमध्ये. दोन्ही वर्षी कप जर्मनीचा.

---

जुना_रेडिओ

तुम्ही पोरं टीव्हीवाली. आमच्या वेळी हे सगळं कानांवर चालायचं. मी गावसकरवाला आणि माझा मित्र विश्वनाथवाला. त्याचं म्हणणं, तुझा सुनील धावा करतो, माझा विशी बॅटिंग करतो. यावर काय बोलणार? मी ७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातल्या ७७४ धावा काढायचो, चार कसोटींतल्या. तो म्हणायचा, पहिल्याच कसोटीत भोपळा फोडता न येता परत येऊन दुसऱ्या डावात १३७ कर म्हणावं. (कानपूर, १९६९. विश्वनाथने खरंच केलं होतं.)

७६ ला पोर्ट ऑफ स्पेनला ४०३ धावांचा पाठलाग झाला तेव्हा गावसकर १०२, विश्वनाथ ११२. त्या दहा धावांवरून आमचं जे जुंपलं ते पुढचा मोसम येईपर्यंत. भारत जिंकला होता ही गोष्ट आम्हा दोघांच्याही दृष्टीने किरकोळ होती.

आणि गंमत अशी की इकडे आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो आणि तिकडे विश्वनाथने गावसकरच्या बहिणीशी लग्न केलं. हिरोच मेहुणे-मेहुणे. आमची अवस्था वऱ्हाडात भांडून ठेवलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखी झाली, मुख्य घरात गोडीगुलाबी आणि आम्ही अजून रुसलेले.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

@जुना_रेडिओ, दंडवत _/\_

"धावा करतो आणि बॅटिंग करतो" हे मी ढापणार आहे.

---

पायरीवरची_मांजर

सगळ्यांच्या गोष्टी गोड आहेत, म्हणून लिहू की नको करत होते. लिहितेच.

मी स्टेफी ग्राफवाली. माझी शाळेतली मैत्रीण मोनिका सेलेसवाली. एकाच बाकावर बसायचो आणि वहीच्या शेवटच्या पानावर ड्रॉ काढायचो. ती दोन्ही बाजूंनी दोन हातांनी मारायची, सेलेससारखं, आणि सेलेससारखीच ओरडायची. पीटीच्या बाईंनी तिला त्यावरून झापलं होतं. ९२ च्या फ्रेंच फायनलला सेलेसने तिसरा सेट १०-८ ने घेतला तेव्हा दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी काळी रिबीन आणली होती. महिन्याभरात विम्बल्डनला स्टेफीने तिला ६-२, ६-१ उडवलं, तेव्हा मी ती रिबीन परत केली. इतकं सगळं छान चाललं होतं.

३० एप्रिल १९९३. हँबर्गला क्वार्टर फायनल चालू असताना, बाजू बदलताना सेलेस खुर्चीत बसली होती आणि मागून एकाने तिच्या पाठीत सुरा मारला. ती तेव्हा १९ वर्षांची, जगात पहिली. मारणारा स्टेफीचा वेडा चाहता होता. स्टेफी पुन्हा पहिली व्हावी म्हणून हे केलं असं त्याने सांगितलं.

माझी मैत्रीण मला फक्त एवढंच म्हणाली, "तुमच्यातलाच होता."

मी काय उत्तर देणार होते? मला तर पहिल्यांदाच कळलं होतं की 'आमच्यात' असे लोक असतात. आम्ही भांडलो नाही. तिने बाक बदलला. त्या माणसाला न्यायालयाने स्थगित शिक्षा दिली, शिक्षा भोगायला तो तुरुंगात गेलाच नाही, आणि स्टेफी पुन्हा पहिली झाली. म्हणजे त्याला हवं होतं तेच झालं. मी स्टेफीचे सामने बघत राहिले, पण ती जिंकली की टाळी वाजवायला हात वर येत नसत. चूक तिची काडीमात्र नव्हती, ती दवाखान्यात भेटूनही आली होती. तरी.

सेलेस परतली ती ऑगस्ट ९५ मध्ये. आल्या आल्या कॅनडात स्पर्धा जिंकली आणि मग यूएस ओपनची फायनल, समोर स्टेफी. पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्ये (६-६ बरोबरीनंतर सेट ठरवणारा गेम) ६-५ ला सेलेसचा सेट पॉइंट होता. तिने सर्व्ह केली, तिला वाटलं एस, म्हणजे समोरचीला न लागलेली सर्व्ह, सेट जिंकला म्हणून ती चालायलाही लागली होती, आणि पंचांनी बाहेर दिली. टायब्रेक गेला. दुसरा सेट तिने ६-० घेतला, तिसरा स्टेफीने ६-३.

त्यानंतर फोन वाजला. आम्ही धड बोललो त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. हॅलो नाही, काही नाही. "ती सर्व्ह आत होती."

मी म्हटलं, "आतच होती."

खरं सांगायचं तर मला दिसलं नव्हतं.

---

मिश्र_दुहेरी

@पायरीवरची_मांजर, अगदी अगदी. मी तेव्हा सेलेसवाला होतो, तुमच्या मैत्रिणीचं वाक्य मीही कुणाला तरी ऐकवलं असेल. आता कोर्टवर खेळाडूंच्या खुर्चीमागे सुरक्षा कर्मचारी उभे दिसतात, ते त्या दिवसामुळे.

---

बेसलाइन

नवरातिलोवा-एव्हर्ट कुणी काढले नाहीत अजून? ८० सामने, त्यातल्या ६० फायनल. ४३-३७ नवरातिलोवा.

धागाकर्त्याने लॉबबद्दल जे लिहिलंय ना, तेच या दोघींत झालं होतं. सुरुवातीला त्या एकत्र दुहेरी खेळायच्या. ७५ ची फ्रेंच आणि ७६ चं विम्बल्डन जोडीने जिंकल्या आहेत. मग एव्हर्टच्या लक्षात आलं की शेजारी उभी राहून ही माझा खेळ पाठ करतेय, आणि तिने जोडी मोडली. पुढे नवरातिलोवाच्या गोटातून तिला सांगितलं गेलं की एव्हर्टशी मैत्री ठेवू नकोस, ती आवडेनाशी झाली पाहिजे तरच हरवशील. म्हणजे मोठ्या बायकांनी ठरवून धरलेली कट्टीच ती. टिकली नाही अर्थात. लॉकर रूममध्ये शेवटी उरायच्या त्या दोघीच, कारण बाकी सगळ्यांना घरी पाठवलेलं असायचं. एक रडायची, दुसरी समजूत काढायची. पुढच्या आठवड्यात उलट.

गेल्या काही वर्षांत दोघींनाही कॅन्सर झाला, साधारण वर्षभराच्या अंतराने, आणि उपचारांच्या काळात एकमेकींना धरून होत्या.

माझं मत असं की ज्याला तुमचा बॅकहँड सर्वांत कच्चा कुठे आहे हे माहीत आहे, त्याच्याशी खोटं वागता येत नाही. चांगल्या मित्राला ते माहीत असतंच असं नाही. विरोधकाला असतं.

---

हिरवळ

थोडा विरोधी सूर लावतो, चालेल ना?

मला या 'वाटून घेतलेल्या' हिरोंचं फार कौतुक वाटत नाही. यातूनच पुढे फेडररवाले आणि नदालवाले तयार झाले आणि रात्र-रात्र एकमेकांना शिव्या देत बसले. आणि ते दोघे? २०२२ च्या सप्टेंबरात फेडररचा शेवटचा सामना झाला, लंडनला, लेव्हर कपमध्ये, दुहेरीचा. जोडीदार नदाल. हरले, आणि बाकावर शेजारी बसून दोघेही हमसून रडले. शिव्या देणाऱ्यांनी ते बघून काय केलं असेल याची मला खरंच उत्सुकता आहे.

लहानपणी बाजू घेतली की अर्धा खेळ बघायचा राहतो. मी बेकरवाला होतो, आणि एडबर्गची व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारलेला फटका) किती सुंदर होती हे मला चाळिशीत यूट्यूबवर कळलं. वेळेवर कळायला हवं होतं.

अवांतर : तो खेळच आता राहिला नाही. २००१ पासून विम्बल्डनने पूर्ण रायगवत लावलं, चेंडू जास्त उसळायला लागला, मागे उभं राहून मारणं सोपं झालं. वर रॅकेटच्या नव्या तारांमुळे मिळणारी फिरकी. सर्व्ह करून पुढे धावणारा आता दिसला की लोक बोट दाखवतात.

---

ड्यूस_पुन्हा_ड्यूस

@हिरवळ, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. एडबर्गची व्हॉली तुम्हाला चाळिशीत कळली कारण तुमच्या शेजारी ती रोज कुणी बडवून दाखवत नव्हतं. सुध्याला बाराव्या वर्षी कळली होती. शिव्या देत देत, पण कळली होती. स्क्रीनमागच्या अनोळखी माणसाशी भांडणं आणि ज्याच्या घरी पाणी प्यायला जातो त्याच्याशी भांडणं यात फरक आहे.

@पायरीवरची_मांजर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काही लिहीत नाही.

धागा सुध्याला पाठवला होता. हल्ली तो वेगळ्या देशात असतो, तिकडे मध्यरात्र होती. तरी लगेच उत्तर आलं : "२५-१०." पुढे काही नाही.

एक लिहायचं राहिलं होतं. २०१३ च्या शेवटी जोकोविचने बेकरला प्रशिक्षक घेतलं आणि लगोलग फेडररने एडबर्गला. फेडरर लहानपणी या दोघांचाही चाहता. (बघा, असेही असतात.) २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षी विम्बल्डनची फायनल जोकोविच विरुद्ध फेडरर, आणि प्रशिक्षकांच्या खोक्यात (बॉक्समध्ये) हे दोघे, केस पिकलेले. आम्ही पन्नाशीकडे झुकलेले दोन बाप्ये फोन लावून बसलो होतो आणि कॅमेरा कोर्टवरून खोक्याकडे वळला की ओरडत होतो. दोन्ही वर्षी जोकोविच जिंकला. सुध्याने हे दोन विजय बेकरच्या खात्यात जमा करून घेतले आहेत. म्हणजे त्याच्या वहीत २७-१०.

आणि मग २०२२. दिवाळखोरीत मालमत्ता लपवल्याबद्दल लंडनच्या न्यायालयाने बेकरला अडीच वर्षांची शिक्षा दिली. २९ एप्रिलला. मी बातमी वाचली आणि फोन हातात धरून बसलो. एवढ्या वर्षांच्या भांडणात इतकं मोठं अस्त्र माझ्या हाती कधीच आलं नव्हतं, आणि ते उचलावंसं वाटेना. शेवटी त्यानेच ती बातमी मला पाठवली. खाली लिहिलं होतं, "तरी दोघांचे सहा-सहाच."

ग्रँड स्लॅम म्हणत होता. दोघांचीही सहा आहेत.

मी म्हटलं, हो, सहा-सहा. दुहेरीची काढली नाहीत मी.

---

अर्धवट_अंपायर

सुध्या माणूस आवडला. वहीत २७-१० हे तर नियमाला धरून आहे.

---

मिश्र_दुहेरी

आमच्या घरातलं ताजं उदाहरण देतो. माझी मुलगी आणि तिची मैत्रीण, दोघी अकादमीत एकत्र खेळतात. मी कौतुकाने विचारलं, तुमच्यात अल्काराझवाली कोण आणि सिनरवाली कोण? दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टाइपरायटरबद्दल विचारलंय. म्हणाल्या, "जो मागे पडलेला असतो त्याची बाजू घेतो आम्ही."

२०२५ ची फ्रेंच फायनल त्यांनी अशीच बघितली, साडेपाच तास. अल्काराझ पहिले दोन सेट हरला म्हणून त्याच्या बाजूने. चौथ्या सेटमध्ये सिनरला तीन मॅच पॉइंट होते, ते अल्काराझने वाचवले, सेट घेतला, आणि या दोघींनी तिथल्या तिथे पक्ष बदलला, आता सिनर बिचारा म्हणून. सुपर टायब्रेक अल्काराझने १०-२ घेतला तेव्हा दोघी सिनरसाठी हळहळत होत्या. महिन्याभराने विम्बल्डनला सिनरने त्याला हरवलं तर दोघी पुन्हा अल्काराझच्या बाजूला.

मला वाटलं, चला, @हिरवळ म्हणतात तशी शहाणी पिढी आली. पण गेल्या महिन्यात अकादमीतल्या स्पर्धेत दोघींचा सामना एकमेकींशी लागला. सामन्याच्या आदल्या रात्री मुलीने मला हळूच विचारलं, "बाबा, तिची दुसरी सर्व्ह मी कुठे उभी राहून घेऊ?" आणि कुणाला सांगू नका म्हणाली. हिरोची गरज नव्हती, विरोधक त्यांना घरचाच मिळालेला होता.

---

जुना_रेडिओ

मग? कुठे उभं राहायला सांगितलंत?

---

मिश्र_दुहेरी

एक पाऊल आत. हरली. मैत्रिणीने सर्व्ह अंगावर टाकली. तिच्या बाबांनीही काहीतरी सांगितलं असणार.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

एक शंका. १९९१ चं कुणी काढत नाहीये. त्या वर्षी विम्बल्डन ना बेकरचं, ना एडबर्गचं. धागाकर्ते आणि सुध्या यांनी काय केलं?

---

ड्यूस_पुन्हा_ड्यूस

जखमेवर बोट ठेवलंत. सेमीफायनलला मिखाएल स्टिचने एडबर्गला हरवलं : ४-६, ७-६, ७-६, ७-६. एडबर्गची सर्व्हिस अख्ख्या सामन्यात एकदाही भेदली गेली नाही, तरी तो हरला. असं हरणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सुध्या दिवसभर हसत होता. मग फायनलला स्टिचने बेकरलाही सरळ तीन सेटमध्ये काढला.

ती फायनल आम्ही दोघांनी बेकरच्या बाजूने बघितली. हो, मीसुद्धा. आमच्या इतिहासातला एकमेव अपवाद. आमच्या भांडणात तिसऱ्याने पडायचं काही कारण नव्हतं. दोघांनी मिळून त्या स्टिचला इतक्या शिव्या घातल्या की सुध्याच्या आईने टीव्ही बंद केला. स्टिचवाला कुणी असतो तरी का हो?

---

शांत_कोर्ट

इथे फक्त वाचत असतो, लिहायला आज पहिल्यांदा आलो.

मी होतो स्टिचवाला. त्याची सर्व्ह बघा कधी, इतकी सहज सर्व्ह त्या काळात दुसऱ्या कुणाची नव्हती. ९२ च्या ऑलिम्पिकला बेकरला दुहेरीचं सुवर्ण मिळालं ते कुणाच्या जोडीने, हेही आठवा. वर्गात मी एकटाच होतो. अर्धे बेकरवाले, अर्धे एडबर्गवाले, आणि दोन्हीकडच्यांना वाटायचं की मी मुद्दाम वाकडं बोलतोय. भांडायलाही कुणी यायचं नाही माझ्याशी.

---

ड्यूस_पुन्हा_ड्यूस

या, या. त्या चौथ्या सेटबद्दल मला चौतीस वर्षं कुणाशी तरी बोलायचंच होतं. आणि थांबा जरा, सुध्यालाही उठवतो.